चहातला भुसा

तुमचा चहा आलाच आहे, तर हा किस्सा आत्ताच सांगून टाकतो. फक्त पहिला घोट घेण्याआधी कपात एकदा नीट बघून घ्या. का ते शेवटी कळेल.

मी बातमीदार. म्हणजे पेशानं बातमीदार आणि स्वभावानं भांडखोर, आणि या दोन्हींत फरक काय ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. वर्ध्यात असं एकही खातं नाही ज्याच्याशी मी भांडलो नाही. फलाटावर नळ आहे पण नळाला पाणी नाही, म्हणून रेल्वेशी भांडलो. पोस्टाशी भांडलो. कापसाच्या गाड्यांनी रस्ता उखडला म्हणून बाजाराच्या कमिटीशी भांडलो. कचेरीतले चपराशी मला पाहिलं की लगबगीनं खुर्ची आणून द्यायचे. मला बरीच वर्षं तो आदर वाटत होता. मग लक्षात आलं की खुर्ची साहेबांच्या दारापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब ठेवत होते.

तर असा मी. आणि मी कशानं तोंडावर आपटलो? लाकडाच्या भुशानं.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि आपली राजधानी नागपूर होती. आमचा पेपरही नागपूरचा, दुपारच्या पॅसेंजरनं वर्ध्याला उतरायचा. माझा सकाळचा नेम ठरलेला. ओसरीवर पाट, पाटावर मी, समोर कपबशी, मांडीवर बातमीचे कागद. गल्लीतून येणारा-जाणारा मला बघतो, मी त्याला बघतो. बातमीदारानं दिसलं पाहिजे, असं माझं मत आहे.

एका सकाळी कप तोंडाला लावला तर ओठाला काहीतरी खरखरलं. बघतो तर चहावर भुसा. पिवळसर, बारीक, सागाचा. कागदांवरही भुसा. चष्म्यावर भुसा. मी चहा ओतून दिला, दुसरा मागवला. त्याच्यातही दहा मिनिटांत भुसा.

आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसणारा माणूस आहे का?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका शेठजींचा लाकडाचा टाल आहे. ओंडके रस्त्यावर, बैलगाड्या रस्त्यावर, आणि आत मोठी करवत. महिनाभरापूर्वीच मी त्यांना रस्त्यावरच्या ओंडक्यांबद्दल विचारलं होतं, तर गादीवरून न उठता म्हणाले, "बाबूजी, आप अपना अखबार देखो." तेव्हापासून मी अखबार देखतच होतो, फक्त निमित्त मिळत नव्हतं. ते आज चहात पडलं.

मी तिथंच लिहायला बसलो. बायको दारात आली. कप पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाली, "भुसा कोणाचा, ते जाऊन पाहिलंत का?"

मी तिला सांगितलं की अठरा वर्षं बातमीदारी केल्यावर माणसाला काही गोष्टी बसल्या जागी कळतात.

बातमी अशी उतरली म्हणता! 'वस्तीत करवतीचा कहर' हा मथळा. सभ्य माणूस सकाळी आपल्या ओसरीवर निवांत चहा घेऊ शकत नाही, त्याच्या कपात करवतीचा भुसा पडतो, मुलाबाळांच्या छातीत तो जातो, आणि नगरपालिका गाढ झोपेत आहे. नाव मी कोणाचंच घातलं नाही. एक तर अब्रूनुकसानीचा कायदा मला पाठ आहे. दुसरं, नाव घालायची गरजच काय? गल्लीत करवत म्हटली की टाल, हे शेंबड्या पोरालाही कळेल. खाली नेहमीसारखं 'आमच्या वार्ताहराकडून'. पेपर आला त्या दुपारी मी तो शेठजींच्या टालावरून दोनदा हातात धरून गेलो. त्यांनी वर पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, बघाल.

आठ दिवसांनी महादेव मिस्त्री आमच्या ओसरीशी येऊन उभे राहिले.

आमच्या परसाची भिंत आणि त्यांच्या छपरीची भिंत एकच. मिस्त्री मूळचे देवळीकडचे. आधी वखर-तिफणीसारख्या शेतीच्या अवजारांची कामं करायचे, मग वर्ध्याला येऊन पेटीचरख्याच्या पेट्या करू लागले. अशी पेटी मी आजवर दुसऱ्या कोणाच्या हातची पाहिली नाही. झाकण बंद केलं की फट शोधायला बोट फिरवावं लागायचं. छपरीत त्यांची एक करवत. आर्वीकडच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या सामानात घेतलेली. लोखंडी मेज, मेजाच्या मधल्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली चार पाय आणि सगळं उघडं. एका बाजूला मोटार आणि पट्टा. त्या करवतीचं वय तिचं तिलाच माहीत. मिस्त्री तिला म्हातारी म्हणायचे. तिची घरघर मला रोज ऐकू यायची, ती मी टालावरची धरून चाललो होतो.

ते जोडे काढून ओसरीच्या खालच्या पायरीवर बसले आणि खिशातून चौघडी घातलेला कागद काढला.

"नोटीस आली जी भाऊ."

मी कागद उलगडला. नगरपालिकेची नोटीस. वस्तीतील करवतीच्या भुशाबाबत वृत्तपत्रात आलेल्या तक्रारीवरून आपणांस कळविण्यात येते की पंधरा दिवसांत भुशाचा बंदोबस्त करावा, अन्यथा करवत बंद करण्यात येईल.

वृत्तपत्रात आलेल्या तक्रारीवरून! माझे कान तापले.

मिस्त्री हळू आवाजात सांगत होते. सेवाग्रामकडे सूतकताईचं मोठं शिबिर भरणार होतं. त्यासाठी साठ पेट्यांचं काम त्यांनी घेतलं होतं आणि महिन्याभरात द्यायचा शब्द दिला होता. म्हातारी चालली तर पेट्या होतात. हातकरवतीनं तेवढ्या फळ्या कापायच्या तर उन्हाळा उजाडेल. शब्द गेला की पुढचं काम गेलं, आणि मग पुन्हा देवळीला जाऊन वखरं भरायची. "मले त्याचं दुःख नाई," ते म्हणाले, "पण पेटीचा हात बसला होता आता."

हीच ती वेळ होती. मी म्हणायला हवं होतं, मिस्त्री, ती बातमी माझी. चूक झाली. दारामागं बायको उभी होती, तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या. तीही त्याचीच वाट बघत होती.

आणि मी काय केलं? मी संतापलो. गरिबाला नोटीस आणि शेठ मोकळा! हा अन्याय मी चालू देणार नाही म्हणालो. कोट चढवला, टोपी घातली, आणि माझ्याच बातमीविरुद्ध भांडायला नगरपालिकेत गेलो.

तिथं रामटेके म्हणून सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. तरुण माणूस, अगदी शांत. मला शांत माणसांची फार भीती वाटते, त्यांच्याशी भांडता येत नाही. मी पाऊण तास बोललो. सत्ता, संपत्ती, लाचारी, काही शिल्लक ठेवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग एक फाईल काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत कापून चिकटवलेली बातमी.

"ही तुमचीच ना?"

मी म्हटलं, असेल.

"ती वाचून मी दुसऱ्याच दिवशी गल्लीत आलो होतो. आधी टालावर गेलो. शेठजींचं इंजिन दोन महिने झाले, दुरुस्तीला नागपूरला गेलं आहे. करवतीला जाळी लागली आहे कोळ्याची. मग वारा कुठून येतो ते पाहिलं, तर तुमच्या परसामागची छपरी निघाली."

म्हणजे बघा. मी सगळ्या जिल्ह्याला पुरावा मागत फिरणारा माणूस, आणि पुरावा माझ्या परसात. उठून दहा पावलं गेलो असतो तर भागलं असतं. एवढंच नव्हे, तर नगरपालिका झोपली आहे असं मी छापलं, आणि नेमकी त्याच बातमीवर ती जागी होऊन, चौकशी करून, बरोबर माणसाला नोटीस देऊन मोकळी झाली. अठरा वर्षांत पहिल्यांदा!

रामटेके म्हणाले, भुशाचा बंदोबस्त केलात तर माझी काही हरकत नाही. पंधरावा दिवस गुरुवार येतो, मी येऊन बघीन. मी उठलो तर मागून म्हणाले, "मिस्त्रीला ठाऊक आहे का, बातमी कोणाची ते?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

घरी आलो तर तिथं वेगळाच प्रकार. नोटीस हातात पडल्या दिवसापासून मिस्त्रींनी म्हातारी बंद ठेवली होती. सरकारी कागदाला मान देणारा माणूस. पण म्हातारी बंद म्हणजे भुसा बंद, आणि भुसा बंद म्हणजे आमच्या अर्ध्या गल्लीच्या शेगड्या बंद. भुशाची शेगडी तुम्हाला माहीत आहेच. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालून काडी लावायची. रोज संध्याकाळी बाया डबे घेऊन मिस्त्रींच्या छपरीत जायच्या आणि ते भरून द्यायचे. आमच्या घरचा डबाही त्यांतच होता. ज्या चहात भुसा पडला म्हणून मी कहर केला, तो चहा त्याच भुशावर उकळत होता, हे मला त्या दिवशी कळलं. बायकोनं ते फार बारीक आवाजात सांगितलं.

विहिरीवर बाया त्या पेपरवाल्याचा उद्धार करत होत्या. कोण मेला तो, त्याच्या कपात भुसा पडला तर गिळता नाही आला का, वगैरे. मी तिथून जात होतो. एकीनं मला विचारलं, "काय जी भाऊ, तुमी पेपरातले, तुमाले ठाव असन?" मी म्हटलं, असल्या माणसाला शोधून काढलं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घरात येऊन दार लावून घेतलं.

मग मी ठरवलं. म्हातारीचा भुसा मीच कोंडीन. असा कोंडीन की एक कण बाहेर येणार नाही. सांगायचं ते राहू दे, करून दाखवू.

कल्पना माझी, हे मी अजूनही छाती काढून सांगतो. जिनिंगमध्ये पंख्यानं रुई नळीतून ओढून नेतात, ते मी पाहिलं होतं. रुई जाते तर भुसा का जाणार नाही? ओळखीच्या एका जिनिंगवाल्याकडून जुना पंखा मिळवला. मिस्त्रींनी म्हातारीच्या चार पायांभोवती फळ्या ठोकून पेटी केली, आत उतरती घसरण दिली, म्हणजे भुसा एका कोपऱ्यात गोळा व्हावा. कोपऱ्याला पत्र्याची नळी, नळीला पंखा, पंख्याच्या मागं तागाचं पोतं बांधलेलं. पंखा फिरायचा त्याच मोटारीच्या दुसऱ्या पट्ट्यावर.

मंगळवारी चालवून पाहिलं. अहो, काय सांगावं! पाच फळ्या कापल्या आणि पोतं पोटुशीसारखं फुगलं. जमिनीवर भुसा नाही, हवेत भुसा नाही. फक्त मेजाच्या कडेनं आणि पट्टा आत जातो तिथून थोडी धूळ निसटत होती. चिमूटभर म्हणा.

"बस झालं जी," मिस्त्री म्हणाले. "म्हातारीचं वय पाहता लय झालं."

पण मला बस कसं होणार? मनात अपराध, तो बोलून दाखवायची हिंमत नाही, मग माणूस काय करतो? काम वाजवीपेक्षा चोख करत सुटतो. बुधवारी मिस्त्री लाकूड आणायला देवळीला गेले आणि मी छपरीत शिरलो. पात्याच्या फटीला दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या ठोकल्या. मोटारीचा पट्टा जातो त्या भोकात चामड्याचा तुकडा आणि भोवती रुई कोंबली. मग फळ्यांच्या सांधी. त्यासाठी बायकोला कणकेची खळ करायला लावली आणि घरातला जुन्या पेपरांचा गठ्ठा काढला. माझ्या बातम्यांचे सगळे अंक मी जपून ठेवले होते. म्हटलं, महादेव मिस्त्रीसाठी हेही गेलं तरी चालेल. बायको खळ लावून एकेक कागद हातात देत होती, मी चिकटवत होतो. मागच्या बाजूला एका फळीत चांगलं चार बोटांचं भोक होतं. मिस्त्री घाईत विसरलेले दिसतात, असं म्हणून मी त्याच्यावर तीन थर चढवले. अंधार पडायच्या आत म्हातारी पतंगासारखी कागदांनी मढली.

गुरुवारी सकाळी मिस्त्री आले आणि दारातच थांबले. म्हातारीभोवती एक चक्कर मारली. मागच्या फळीशी वाकून कागदावर बोट ठेवलं.

"हे भोक मी सोडलं होतं जी."

"राहिलं होतं म्हणा."

"नाई. सोडलं होतं." त्यांनी फळ्यांच्या सांधींवरून तळहात फिरवला. मग म्हणाले, "हवा कुठून येईन?"

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलोय. मी त्यांना पायरी-पायरीनं समजावलं. आपल्याला हवा बाहेर ओढायची आहे. हवा आत येऊ दिली तर ओढण्याचा जोर वाटला जाईल. फट जितकी कमी, तितकी ओढ जास्त. तिन्ही विधानं इतकी नेटकी होती की माझं मलाच कौतुक वाटलं. मिस्त्री ऐकत होते, पण बघत होते पंख्याकडे. ते आणखी काही म्हणणार इतक्यात रामटेके सायकलवरून उतरले.

काळी टोपी, खाकी कोट, इस्त्रीची पाटलोण. मी त्यांना म्हातारीच्या अगदी जवळ उभं केलं. म्हटलं, साहेब, एक कण दाखवा.

मिस्त्रींनी मोटार लावली, फळी सारली. पहिली फळी ठीक. दुसरी ठीक. मी इन्स्पेक्टरांकडे बघून हसलो. तिसऱ्या फळीला पंख्याचा आवाज बदलला, कोणीतरी गळा धरल्यासारखा घुरघुरू लागला. पोत्याकडे पाहिलं तर पोतं सपाट, जेवायला न घातलेल्या पाहुण्यासारखं. चौथ्या फळीला कडेच्या कागदानं फट दिली आणि भुशाची एक पिचकारी सरळ रामटेक्यांच्या कोटावर आली.

मी ओरडलो, खळ आणा! बायकोनं वाटी दिली. चालत्या करवतीच्या बाजूला बसून मी आणखी एक अंक चिकटवला. मग दुसऱ्या बाजूनं फुटलं. तिथंही चिकटवला. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझी खात्री होती की फक्त एक कागद कमी पडतोय. मी बुजवतोय, म्हातारी थुंकतेय. शेवटी भुसा मेजावरच्या फटीतून वर उसळायला लागला, पातं कण्हलं, आणि मिस्त्रींनी मोटार बंद केली.

छपरीत सगळं पिवळं. रामटेके हळद लागलेल्या नवरदेवासारखे उभे. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि खिशातून पेन काढलं.

मिस्त्रींच्या तोंडावरचा रंग उडाला. साठ पेट्या त्या पेनाच्या टोकावर होत्या.

"दहा मिनिटं द्या जी साहेब," ते म्हणाले. रामटेक्यांनी मान हलवली. मिस्त्रींनी बाजूची फळी काढली. आत गच्च भुसा, अगदी भरलेल्या शेगडीसारखा. दोन टोपली बाहेर काढला, फळी पुन्हा बसवली. तोवर इन्स्पेक्टरांना काम नव्हतं. आणि भिंतीला, दाराला, कुठंही चिकटवलेला पेपर दिसला की माणूस वाचतोच. ते मागच्या फळीपुढे उकिडवे बसले आणि मोठ्यानं वाचू लागले.

"वस्तीत करवतीचा कहर."

मी बायकोकडे पाहिलं. तीनशे अंकांतून नेमका तोच, तोही तोंड बाहेर करून, तोही सगळ्यात वरचा! ती म्हणाली, "मी खळीकडे बघत होते." आणि छपराकडे बघू लागली.

"सभ्य माणूस सकाळी आपल्या ओसरीवर..." रामटेके वाचत होते.

आता कुठं जाणार? मी म्हटलं, "मिस्त्री, ती बातमी माझी."

"ठाव हाये जी," मिस्त्री म्हणाले. हातातली टोपली त्यांनी खालीही ठेवली नाही.

"कधीपासून?"

"पेपर आला त्याच दिवशी. हाटेलात वाचला. सकाळी ओसरीवर बसून चहा घेणारा सभ्य माणूस गल्लीत तुमीच एक. आमी तं उभ्यानंच पितो."

"मग नोटीस घेऊन माझ्याकडे कशाला आलात?"

"ज्यानं लिवलं त्याच्याकडंच यावं लागते ना जी. दुसऱ्याले काय मालूम?" मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "आनं तुमी खोटं नाई लिवलं. भुसा माझाच होता. तुमी फक्त इकडं पाह्यलं नाई."

अठरा वर्षांत माझ्यावर तीन खटल्यांच्या धमक्या आल्या, एकदा कचेरीतून धक्के मारून काढलं. पण इतकं कोणी लागेल असं बोललं नव्हतं. आणि ते तर समजूत काढत होते!

"आता एक विचारू का?" मिस्त्री म्हणाले. "मागचं भोक उघडतो. पण त्याच्यावर तुमची बातमी हाये. तुमाले चालन का?"

मी उठलो. म्हटलं, मी उघडतो. मिस्त्रींनी मोटार लावली. पंखा पुन्हा घुरघुरला. मी 'कहर' या शब्दावर अंगठा ठेवला आणि दाबला.

फट्ट!

आणि वारा असा काही आत शिरला की माझी बाही ओढली गेली. अख्खी बातमी फडफडली, सुटली, तिचे तुकडे झाले आणि ती माझ्या डोळ्यांदेखत त्या भोकातून आत गेली. नळीत क्षणभर टरटर वाजलं. पलीकडे पोतं एकदम उभं राहिलं.

मिस्त्रींनी फळी सारली. एक, दोन, पाच, दहा. जमिनीवर काही नाही. रामटेके मेजाजवळ वाकले, बोट फिरवलं, बोट पाहिलं. मग तिथंच फाईल गुडघ्यावर ठेवून लिहिलं, बंदोबस्त समाधानकारक आहे, करवत चालू ठेवण्यास हरकत नाही. जाताना मला म्हणाले, "बातमी चांगली होती तुमची. जरा हवा खेळती हवी होती, एवढंच."

शांत माणसांची मला भीती वाटते म्हणालो ना, ती यासाठी.

साठ पेट्या वेळेत झाल्या. शेवटच्या दोन तर मी स्वतः बैलगाडीत चढवल्या. पण ते नंतरचं. त्या गुरुवारी संध्याकाळी बाया डबे घेऊन छपरीत आल्या आणि मिस्त्रींनी नव्या पोत्यातून भुसा भरून दिला. आधी तो मातीतून झाडून घ्यावा लागायचा, आता स्वच्छ, कोरडा, एकसारखा. बाया खूश. हे कोणी केलं म्हणून एकीनं विचारलं. मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं. कहर कोणी लिहिला ते मात्र त्यांनी तिथं सांगितलं नाही, आजतागायत सांगितलेलं नाही. आता मीच सांगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा ओसरीवर. पाट, कपबशी, मांडीवर कागद. पलीकडून म्हातारीचा सूर येत होता, आणि हवेत काही नाही. बऱ्याच दिवसांनी चहा मनासारखा गरम होता. मी कप उचलला, तोंडाला लावला.

ओठाला काहीतरी लागलं.

बोटानं काढलं. भुसा नव्हता. शेगडी पेटवताना भुशातून उडून भांड्यात पडला असावा, पेपरचा एक चिटोरा. भिजलेला, करवतीच्या भुशाएवढाच बारीक म्हणा ना. बशीच्या कडेवर पसरून पाहिला, तर छपाईची एक अर्धी ओळ.

बायको दारात येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"हा कोणाचा," ती म्हणाली, "ते नीट पाहिलंत का?"

मी म्हटलं, "पाहिलं. आमच्या वार्ताहराचा."

आणि चहा पिऊन टाकला.